केळीवरचा हरण्या: एवढं फवारून लागू का पडत नाही?

सावद्याचा | रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मी नोकरीपायी पुण्यात, पण जीव गावाकडे. रावेर तालुक्यात थोरला भाऊ शेती बघतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. यंदा मृगबागेत (पावसाळी लागवड) तीन एकरात ४,३२० रोपं लावली. सहा बाय पाचवर, टिश्यू कल्चरची जी-नाईन (ग्रँड नैन) जात, रोप १७ रुपयाला पडलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागण झाली. मग ऑगस्टमध्ये ऊन असं दिसलंच नाही, नुसती झिमझिम. पोळा झाला आणि पानांवर शिरांना धरून पिवळे पट्टे दिसायला लागले. आधी वाटलं झिंक कमी पडलं असेल. आठ दिवसांत नवीन पानं आखूड, कडा मुरडलेल्या आणि काही झाडांचा पोंगाच (मधलं न उलगडलेलं पान) सडला. हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूरोग.

आजपर्यंत ६४० रोपं उपटून पुरली. दुकानातून सांगितलं तसं दर आठ दिवसाला एक, अशा चार फवारण्या झाल्या, दर वेळी नवा डबा. फरक शून्य. दादा म्हणतो रोपंच रोगट आली. रोपं देणारे म्हणतात आमच्याकडून निघाली तेव्हा ठणठणीत होती, तुमच्या शेतात लागला. दोघांच्या मध्ये मी फोनवर.

त्यात एकाने निरोप पाठवला की ऑस्ट्रेलियात या व्हायरसवर 'आरएनए'ची फवारणी निघाली आहे आणि केळीची जीएम (बाहेरचं जनुक घातलेली) जातही आली आहे. हे खरं की व्हॉट्सॲपचं? जाणकारांनी उजेड पाडावा. चार फवारण्यांचा खर्च सांगत नाही, घरी वाचतात.

सुकीकाठ | रविवार, रात्री १०:०५

उपट आन् पुर. दुसरं काई नाई. हरण्या काई आजचा नाई बापा, जुन्या बसराई जातीच्या टाइमलेबी होता. माह्या बापानं एका वर्सी अर्धा बाग काढला होता. तवा ना टिश्यू होती ना ड्रीप. कंद लावायचे, तरी यायचाच. औषध मारून केय नीट झाली असं मी सत्तर वर्सात पाह्यलं नाई.

टरबूजवाला | रविवार, रात्री १०:३१

सावद्याचा, झाडं काढायची घाई करू नका. माझ्या कांदेबागेत (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत) गेल्या हिवाळ्यात दीडशे झाडांवर हेच पट्टे होते. दुकानदाराने एक टॉनिक दिलं, दोनदा ड्रिपमधून सोडलं. मार्चमध्ये सगळी पानं हिरवीगार. फोटो आहेत माझ्याकडे.

पर्णरेघ | सोमवार, सकाळी ७:१५

वनस्पतींच्या विषाणूंवर काम करते, माहेर यावल तालुक्यातलं, त्यामुळे या धाग्यात पडणं भाग आहे. प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

फवारणीचं आधी. सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. नाव काकडीचं, पण बाराशेच्या वर वनस्पतींवर जगतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, केळी आणि बांधावरची कितीतरी तणं. नेणारा मावा, आणि माव्याच्या ऐंशीहून अधिक जाती हे काम करतात. त्यातली एक आपल्या कपाशीवरची.

आता मुद्दा असा की मावा हा विषाणू पोटात घेऊन फिरत नाही. तो त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो. बांधावरच्या केना या तणाला रोग असला, त्यावर मावा बसला, सोंड टोचून चव पाहिली की काही सेकंदांत विषाणू लागला. उडून केळीच्या कोवळ्या पानावर आला, पुन्हा चव पाहिली की तेवढ्याच वेळात विषाणू उतरला. केळी त्याला सहसा आवडत नाही, तो पुढे उडतो. तासाभरात, फार तर काही तासांत त्याच्या सोंडेवरचा विषाणू संपतो, पण तोवर तुमचं झाड गेलेलं असतं. तुमच्या फवाऱ्याने तो मावा मेलाही असेल, पण काम करून मेला. इमिडाक्लोप्रिड म्हणा, थायमेथोक्झाम म्हणा, माव्याला मारायला मिनिटं ते तास घेतात. सेकंदांशी त्यांची शर्यत कशी लागणार? उलट काही औषधांनी मावा अस्वस्थ होतो आणि एका जागी बसायच्या ऐवजी चार झाडं जास्त फिरतो.

बंची टॉप हा केळीचा दुसरा विषाणूरोग याच्या उलट आहे. तो केळीवरच राहणाऱ्या मावा जातीतून, तासन्‌तास रस प्यायल्यावर पसरतो आणि माव्याच्या अंगात टिकतो. तिथे फवारणीला थोडाफार अर्थ आहे. दोन्ही 'माव्याने पसरणारे' म्हणून एकच शिफारस छापली जाते, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टरबूजवाला, तुमचे फोटो खरे असणार, पण श्रेय टॉनिकचं नाही, आपल्या उन्हाचं आहे. सीएमव्हीची लक्षणं थंड, ढगाळ हवेत उठून दिसतात आणि तापमान चढलं की झाकली जातात. मार्चनंतरच्या खान्देशातल्या उन्हात झाड हिरवं दिसेल, विषाणू आतच असतो. त्या झाडांची पिलं (कंदातून फुटणारी नवी रोपं) ठेवलीत का?

टरबूजवाला | सोमवार, सकाळी ८:०२

ठेवली.

पर्णरेघ | सोमवार, सकाळी ८:१०

मग पिलबागेत पाहा. रोगट आईच्या कंदातून पिलात उतरतो. पहिल्या थंडीत कळेल.

दुकानदारी | सोमवार, सकाळी ११:२०

माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. पर्णरेघ ताई म्हणतात ते मी दोन वर्षांपूर्वी एका शिवारफेरीत ऐकलं आणि तेव्हापासून सीएमव्हीला कीटकनाशक सुचवणं बंद केलं. झालं काय? गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. "यांच्याकडे औषधच नाही." शेतकरी घाबरलेला असतो, त्याला हातात काहीतरी घेऊन जायचं असतं. रिकाम्या हाताने घरी गेला तर बाप विचारतो, काय केलं? डबा हे उत्तर असतं. यात आम्ही दुकानदार धुतल्या तांदळाचे नाही, पण डबा एकट्या दुकानदाराने विकला जात नाही.

सावद्याचा | सोमवार, दुपारी १:४५

पर्णरेघ, दंडवत. सेकंदांची गोष्ट दादाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "मग ते औषध मी कोणासाठी मारत होतो?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण रोपांचं काय? टिश्यूच्या रोपातून आलं नाही कशावरून?

पर्णरेघ | सोमवार, रात्री ९:००

येऊ शकतं. टिश्यू कल्चर म्हणजे आपोआप निरोगी नव्हे. ज्या आईच्या कंदातून सुरुवात केली ती रोगट असेल तर बाटलीतून हजारो रोगट रोपं निघतात. म्हणून आईची तपासणी करावी लागते, प्रयोगशाळेतल्या एलायझा किंवा पीसीआर चाचणीने. जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू रोपांच्या प्रमाणीकरणाची देशपातळीवरची पद्धत २००६ पासून आहे, तिचं लेबल आणि बॅच क्रमांक मागायचा. बाटलीतून निघालेलं रोप पुढे शेडनेटमध्ये वाढतं, तिथेही जाळीला भोक असेल तर मावा शिरतो.

पण हे घरबसल्या ठरवायचा एक गावठी मार्ग आहे. रोगट रोपं शेतात कुठे होती? रोपांतून आलेला रोग शेतभर विखुरलेला दिसतो, कारण लावताना ट्रे कुठेही जातात. बाहेरून माव्याने आणलेला बहुधा एका कडेला दाट असतो आणि आत विरळ होत जातो. दादांना आठवत असेल तर ओळीनिहाय सांगा.

अमळनेरची माई | सोमवार, रात्री ९:४८

आमनाकडे केळी नही भाऊ, बठ्ठी कपाशीच शे. पण वाची राहिनू. कपाशीवरना मावा केळीले नडस, हे मले आजच समजनं. 😄

असो, प्रमाण मराठीत लिहिते, नाहीतर पुण्याची मंडळी पळतील. पर्णरेघ, म्हणजे शेजारी कपाशी असली की केळी धोक्यात का?

पर्णरेघ | सोमवार, रात्री १०:०४

माई, कपाशी म्हणजे माव्याचा कारखाना समजा, विषाणूचं गोदाम नव्हे. कपाशीवर मावा वाढतो, गर्दी झाली की पंख फुटलेले निघतात. ते आधी रोगट तणावर किंवा भोपळवर्गीय वेलावर टेकले आणि मग केळीवर आले तर घोटाळा. मधलं गोदाम काढलं की कपाशीवरचा मावा नुसता पाहुणा.

एक गंमत सांगते, मला स्वतःला फार आवडलेलं संशोधन आहे. २०१० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात भोपळ्याच्या जातीवर प्रयोग केला गेला. सीएमव्ही झालेल्या झाडाचा वास वाढतो, निरोगी झाडासारखाच पण जास्त दरवळणारा. मावा वासाने ओढला जातो. पण झाड चवीला इतकं वाईट झालेलं असतं की मावा सोंड लावतो न लावतो आणि निघून जातो. आता विचार करा, विषाणूला नेमकं हेच हवं आहे. मावा यावा, चव घ्यावी, लगेच जावा. रोगट झाड म्हणजे जत्रेतलं हॉटेल: पाटी झकास, वास सुंदर, घास तोंडात घातला की माणूस पुढच्या हॉटेलात.

सुकीकाठ | सोमवार, रात्री १०:२०

म्हंजे विषाणूले डोकं हाये आन् आमाले नाई.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:१०

धाग्यातला आरएनएचा भाग कोणी घेत नाहीये म्हणून मी घेतो. बीटी कपाशीचं काय झालं ते खान्देशाने पाहिलं आहे. दोन जनुकांची बोलगार्ड-२ २००६ मध्ये आली, आता अळीचा विषय संपला म्हणाले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. आता तीच मंडळी आरएनए आणि जीएम केळी घेऊन येणार आणि आपण पुन्हा गिनिपिग. मुळात विषाणू हा आरएनएच, त्यावर पुन्हा आरएनएच मारायचा, हे ऐकूनच अंगावर काटा येतो.

पर्णरेघ | मंगळवार, रात्री ९:३०

शंकासुर, शंका रास्त. पण तुमच्या प्रतिसादात तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या गेल्यात, त्या सोडवते.

आरएनए फवारणी. झाडाला विषाणूशी लढायची स्वतःची रीत असते. विषाणू वाढताना दुपदरी आरएनए तयार होतो, झाडाला तो परका म्हणून कळतो, झाड त्याचे बारीक तुकडे करतं आणि तेच तुकडे वापरून बाकीचा विषाणू शोधून कापतं. सीएमव्ही लबाड, त्याच्याकडे '२बी' नावाचं प्रथिन आहे जे झाडाची ही रीतच बंद पाडतं. संशोधकांनी केलं असं की २बी च्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए बनवून तो आधीच पानावर मारला. चोर यायच्या आधी चौकीवर त्याचा फोटो लावल्यासारखं. यात झाडाचं जनुक बदलत नाही, म्हणजे हे जीएम नव्हे.

अडचण ही की उघडा आरएनए पानावर टिकत नाही, ऊन-पावसात चार-पाच दिवसांत संपतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने तो मातीसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर बसवला. पापुद्रा हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याने हळूहळू विरघळतो आणि आरएनए सोडत राहतो. २०१७ मध्ये ते छापून आलं: एका फवारणीनंतर वीस दिवसांनी विषाणू टोचला तरी झाड वाचलं. त्यात एक विषाणू हाच होता, आपला सीएमव्ही. तेव्हा व्हॉट्सॲपवरचा निरोप निम्मा खरा. निम्मा खोटा यासाठी की ते प्रयोग तंबाखूसारख्या प्रयोगशाळेतल्या झाडांवर होते, केळीच्या मेणचट, सतत नवीन उलगडणाऱ्या पानावर नव्हे. नवीन पानावर आरएनए नसतोच. आणि बागेत बाटली मिळेल असं उत्पादन त्यातून आपल्याकडे आलेलं नाही.

जगात आरएनए फवारणी शेतात आलीच नाही असं मात्र नाही. अमेरिकेत बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेड्प्रोना नावाच्या आरएनए औषधाला २०२३ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. आणि शंकासुर, तुमच्या बीटीच्या मुद्द्याला दुजोरा: प्रयोगशाळेत त्याच भुंगेऱ्याला काही पिढ्या आरएनए खाऊ घातल्यावर हजारो पट दाद न देणारे भुंगेरे तयार झाले. म्हणजे एकाच हत्यारावर भिस्त ठेवली की बोंडअळीचीच गोष्ट पुन्हा. बीटीत निम्मं पाप तर आपलं होतं, अळी बीटीला सरावू नये म्हणून सांगितलेल्या कडेच्या बिगर-बीटी ओळी कोणी लावल्या सांगा?

अमळनेरची माई | मंगळवार, रात्री ९:५२

कोणीच नाही. ती वेगळी पुडी गोठ्यात पडून असायची. एका वर्षी उंदरांनी खाल्ली.

पर्णरेघ | मंगळवार, रात्री १०:१५

😄 ही नोंद कुठल्याच शोधनिबंधात नाही.

आता ऑस्ट्रेलियाची जीएम केळी. ती खरी आहे पण सीएमव्हीसाठी नाही. क्यूकॅव्ह-४ तिचं नाव. जेम्स डेल यांच्या गटाने जंगली केळीतलं आरजीए-२ हे जनुक कॅव्हेंडिश या बाजारातल्या नेहमीच्या केळीत घातलं, २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे लावायला आणि खायला परवानगी मिळाली. ती पनामा मर रोगाच्या टीआर-४ या प्रकाराविरुद्ध आहे. बाजारात मात्र आणलेली नाही, संकट आलंच तर हाताशी असावी म्हणून ठेवली आहे.

टीआर-४ बद्दल इथे आवर्जून लिहिते, कारण खरी झोप उडावी अशी गोष्ट ती आहे. बुरशी मातीत राहते, मुळातून शिरते, खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात, खोड उभं चिरतं, आत कापलं तर तपकिरी रेघा. फवारणी नाही, आळवणी नाही, आणि माती एकदा बाटली की कित्येक दशकं बाटलेली. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या व्यापारातली ग्रो मिशेल ही जात याच बुरशीच्या आधीच्या प्रकाराने संपवली, म्हणून कॅव्हेंडिश आली. आपली जी-नाईन, बसराई सगळ्या कॅव्हेंडिशच. टीआर-४ कोलंबियात २०१९ ला पोचला, आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडला आहे. आपल्याकडच्या बागेत बी नाही, संकर नाही, लाखो झाडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. एक पडलं की सगळी पडायच्या लायकीची. परराज्यातून कंद आणू नका आणि तिकडच्या बागेत फिरून आलेल्या माणसाच्या चपला धुवा, एवढं तरी करा. लखनौच्या कृषी संशोधन केंद्रांनी ट्रायकोडर्मावर आधारलेलं फ्युसिकॉन्ट काढलं आहे, रोग आटोक्यात ठेवायला ते उपयोगी पडतं.

शंकासुर | मंगळवार, रात्री १०:४०

चपला धुवायच्या ठीक. ट्रकची चाकं कोण धुणार? हंगामात आमच्या रस्त्यावरून किती गाड्या जातात मोजल्यात का?

जनुक संपादनावरही दोन शब्द लिहा. ते जीएम आहे की नाही यावर रोज नवं ऐकतो.

पर्णरेघ | बुधवार, सकाळी ७:०५

गाड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही.

संपादन थोडक्यात: बाहेरचं जनुक न घालता झाडाचंच एखादं जनुक बंद किंवा किंचित दुरुस्त केलं असेल, तर २०२२ च्या मार्चपासून आपल्याकडे त्याला जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. २०२५ च्या मे महिन्यात भाताचे असे दोन वाण, कमला आणि पुसा डीएसटी राइस-१, जाहीर झाले. केळीतही चाललं आहे. मोहालीच्या जैवतंत्रज्ञान संस्थेने ग्रँड नैनमध्ये बीटा कॅरोटीन वाढवून दाखवलं. आफ्रिकेत लीना त्रिपाठी यांच्या गटाने २०१९ मध्ये राजेळीसारख्या केळीच्या जनुकसंचातच दडून बसलेला स्ट्रीक विषाणू कापून निकामी केला, ते काम वाचताना मी खुर्चीतून उठले होते. सीएमव्हीसाठी खरबुजाच्या एका कोरियन जातीत प्रतिकार देणारं जनुक सापडलं आहे, पण ते विषाणूच्या सगळ्या प्रकारांना पुरत नाही. केळीत तसं काही हाताशी नाही. मी दादांच्या जागी असते तर पुढच्या पाच वर्षांचा हिशेब यातल्या कशावरही मांडला नसता.

टरबूजवाला | बुधवार, सकाळी ८:३०

काल रात्रीपासून हा धागा डोक्यात आहे. माझं नावच टरबूजवाला, तर बोललंच पाहिजे. केळीत आंतरपीक टरबूज घेतो म्हणून घर चालतं. सत्तर दिवसांत पैसा येतो, रोपांचा आणि मल्चिंगचा (वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकचा) खर्च तिथेच निघतो. केळीचे पैसे यायला वर्ष लागतं आणि भाव कोणत्या दिवशी काय फुटेल हे देवाला माहीत. आता टरबूज भोपळवर्गातलं, म्हणजे विषाणूला आणि माव्याला दोघांनाही घर. हे सोडा म्हणणं सोपं आहे. बँकेचा हप्ता टरबूज भरतं, शास्त्र भरत नाही.

पर्णरेघ | बुधवार, रात्री ८:५०

यावर माझ्याकडे वाद नाही. निर्णय पैशाचा आहे आणि तो तुमचाच. फक्त वेळ बघा. केळी पहिल्या तीन-चार महिन्यांत सगळ्यात नाजूक, टिश्यूचं कोवळं रोप तर जास्तच. ढगाळ पावसाळ्यातली मृगबाग आणि टरबूज हे एकत्र नको. कांदेबागेत घेणार असाल तर टरबुजावरचा मावा पहिल्या दिवसापासून मारा. तिथे फवारणीला अर्थ आहे, कारण टरबुजावर तो नुसती चव घेत नाही, बिऱ्हाड करतो. चंदेरी मल्चिंग असेल तर उजेड परततो, उडणारा मावा उतरताना बिचकतो, रोपं लहान असेपर्यंत तेवढाच फायदा. तोडणी झाली की वेल त्याच दिवशी उचला, वाळायला सोडू नका. वेल वाळला की मावा उठतो आणि शेजारी तुमचीच केळी असते.

दुकानदारी | बुधवार, रात्री ९:१५

वेल त्याच दिवशी उचलायला मजूर आणा ताई. तोडणीनंतर आठ दिवस तर हिशेबच चालतो.

कडेच्या मक्याचं खरं का? कडेने चार ओळी मका लावला की मावा सोंड त्यावरच पुसतो, असं ऐकलं होतं.

पर्णरेघ | बुधवार, रात्री ९:२२

खरं आहे. मका, ज्वारी, दाट आणि केळीहून आधी वाढलेली. मावा आधी तिथे टोचतो, सोंडेवरचा विषाणू तिथेच उतरतो, मक्याला या विषाणूचं फारसं काही होत नाही. आपल्याकडे वारा अडवायला शेवरी, गजराज गवत लावतातच, तेच केळी लावायच्या महिनाभर आधी दाट लावलं तर दोन कामं होतात. खनिज तेलाची फवारणी युरोपात बेण्याच्या बटाट्यावर याच कारणाने करतात, तेलाने सोंडेवरचा विषाणू नीट उतरत नाही. आपल्या उन्हात पान करपायची भीती, म्हणून मी ते सुचवत नाही.

सावद्याचा | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, शनिवार-रविवार जोडून गावी आलो आहे. दादा आणि मी आज सकाळी वही घेऊन बागेत फिरलो. दक्षिणेच्या बांधापासून ओळी मोजल्या, एकूण साठ. उपटलेल्या जागा रिकाम्याच आहेत, त्यामुळे मोजणं सोपं गेलं.

बांधाजवळच्या पहिल्या बारा ओळींत ४१० गेली, म्हणजे जवळजवळ निम्मी. पुढच्या बारा ओळींत १३०. उरलेल्या छत्तीस ओळींत मिळून १००. दादा वहीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "रोपवाल्याला मी फोनवर नको ते बोललो."

पर्णरेघ | रविवार, सकाळी ७:३०

सुंदर मोजणी. एवढ्यावरून रोपं शंभर टक्के निर्दोष ठरत नाहीत, ते आतले १०० कुठून आले हे चाचणीशिवाय कळणार नाही. पण मोठा लोंढा दक्षिणेच्या बांधावरून आला हे उघड आहे. बांधावर काय आहे?

सावद्याचा | रविवार, सकाळी ९:४५

केना. गुडघ्याएवढा, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात कोणीतरी टाकलेल्या बियांचा गिलक्याचा वेल, त्याची पानं कशी चट्ट्यापट्ट्याची झालीत. फोटो काढलाय, टाकतो. दादाला म्हटलं, हे तू रोज बघत होतास ना? म्हणतो, बघत होतो, पण तो बांध आपला कुठे आहे.

सुकीकाठ | रविवार, सकाळी १०:००

कोनाचा हाये मंग?

सावद्याचा | रविवार, सकाळी १०:२०

तोच तर घोळ. आम्ही म्हणतो आमचा, चुलतकाका म्हणतात त्यांचा. तीन वर्षं झाली मोजणीचा अर्ज देऊन. तोवर कोणीच विळा लावायचा नाही असं ठरलंय, लावला तर ताबा सांगितल्यासारखं होतं म्हणे. काकांनी परवा त्यांच्या बाजूला टिश्यूची दोन हजार रोपं लावली आहेत.

अमळनेरची माई | रविवार, सकाळी १०:३३

अरे देवा. काकांना हा धागा वाचायला द्या की.

सावद्याचा | रविवार, दुपारी १२:०५

काका व्हॉट्सॲप वापरत नाहीत. आई म्हणाली मी जाऊन येते, जाऊबाई माझं ऐकतात. गेलीये. जाताना विळा घेऊन गेली.